शेंदराच्या आतली दाढ

शेवटचा ठोका हलकाच होता, तरी देव फुटला. दगड फुटतो तसा नाही फुटला. बिस्किटांचा पुडा कडेनं फाडला की बिस्किटं जशी एकामागून एक कलंडतात, तशी त्याची चपटी पाती सुटी झाली आणि चौथऱ्यावर आडवी पडली. माझ्या थोरल्या जावेच्या हातातली हातोडी वरच राहिली.

शेताच्या भिंतीपलीकडच्या कंपनीत पत्रा दाबायचा प्रेस चालू होता, त्याचा दणका जमिनीतून पायाला लागत होता. जाऊ खाली बसली आणि सांडलेलं धान्य गोळा करावं तशी ती पाती पदरात घ्यायला लागली.

"म्या फोडला," ती म्हणाली.

"आई, तू आधी ऊठ," तिचा मुलगा म्हणाला.

"माझ्या हातानं फोडला."

ते खरंच होतं.

हा देव चाकणजवळ आमच्या शेताच्या बांधावर होता. गावात त्याला म्हसोबा म्हणत. शेंदराचा एक गोळा, भोपळ्याएवढा. नाक नाही, डोळे नाहीत. अमावास्येला घरातल्या थोरल्या सुनेनं तेलात शेंदूर कालवून त्याला लावायचा आणि धाकट्या सुनेनं वाटी धरायची, अशी आमच्या घरची रीत. मी वाटी धरत आले. आत दगड असणार असं सगळे धरून चालले होते. आत काय आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आमच्या माहितीत नव्हतं.

शेत विकलं. तिथं गोदाम होणार होतं. जावेच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, गावाच्या अंगाला बंगला बांधला होता. देव बंगल्याच्या आवारात न्यायचं ठरलं. सासऱ्यांनी कधीतरी त्याचं बूड सिमेंटमध्ये बसवून टाकलं होतं, म्हणून पुतण्यानं ब्रेकरवाल्याला बोलावलं. जावेनं त्याला परत पाठवलं. "देवाला मशीन लावायचं न्हाई. मी काढते," म्हणाली आणि घरातली लहान हातोडी घेऊन आली.

ती ठोकत का होती, ते सांगायला पाहिजे. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही दोघी जावा भोसरीत एका खोलीत राहिलो आणि एकाच फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये कामाला होतो. ओतकामात पोकळी ठेवायची असेल तर त्या जागी वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. लाकडी पेटीत वाळू भरायची, गॅस देऊन कडक करायची, मग पेटी उघडून गाभा बाहेर काढायचा. उघडण्याआधी पेटीला चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, म्हणजे आतलं सैल होतं. न ठोकता ओढलं की काठ तुटले. हे हातात इतकं बसतं की मी अजून इडलीपात्र उघडलं की इडली काढण्याआधी साच्याला चारी बाजूंनी ठोकते. नात हसते. जावेचा हातही तसाच. कोअर शॉपमधल्या बाईला चिकटलेली वस्तू दिसली की ती आधी ठोकणार. तिनं देवाला तसंच ठोकलं.

पहिल्या ठोक्यांनी शेंदराचं कवच सुटलं. पेटी उघडावी तसं दोन भागांत निघालं आणि बाजूच्या ताडपत्रीवर पडलं. आतला देव दिसला. राखाडी, पावाच्या लादीएवढा, वर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या. जावेनं हात जोडले. मग बूड सैल करायला पुन्हा ठोके दिले, तेव्हा तो फुटला.

चौथं माणूस तिथं माझी नात होती, मुलीची मुलगी. देव हलवतात त्याचा व्हिडिओ काढायला म्हणून माझ्याबरोबर आली होती. ती वाकली, एक पातं उचलून उन्हात धरलं आणि हळूच म्हणाली, "आजी, हा दगड नाही. ही दाढ आहे. हत्तीची."

"आपल्याकडं कुठले हत्ती?" पुतण्या म्हणाला.

"होते मामा. फार पूर्वी. नदीकाठच्या मातीत मिळतात त्यांची हाडं, दगड झालेली. जीवाश्म म्हणतात. हत्तीची दाढ अशीच असते, पाती एकाला एक चिकटवल्यासारखी. म्हणून ठोका बसला आणि—" मग तिचं जावेकडं लक्ष गेलं आणि ती थांबली.

जावेनं नेमकं ऐकलं होतं. "दात हाय व्हय त्यो?"

"हो मोठी आजी."

"म्हंजी तोंड हुतं त्येला."

नातीनं एक तरी पातं ठेवू द्या म्हणून विनवलं. जाऊ तिच्याकडं वळली. "त्येचा दात काढून ठिवतीस घरात?" फुटलेला देव घरात ठेवत नाहीत, त्यामुळं पुतण्यानं लगेच सगळं पांढऱ्या कापडात बांधलं, वर नारळ ठेवला आणि गाडीतून पुलावर जाऊन भामा नदीत सोडून आला. चुराही झाडून नेला. ताडपत्रीवर कवच राहिलं, त्याची कोणाला आठवण झाली नाही.

मी ते सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि घरी आणलं. जीव गुंतला म्हणून नव्हे. माझी नजर त्याच्या आतल्या बाजूला गेली होती म्हणून. बाहेरून ओबडधोबड, पण आत एकेक वळी उलटी उमटलेली, धार धरून. इतकी स्वच्छ पेटी आम्हाला फाउंड्रीत कधी मिळाली नव्हती.

त्यानंतर जावेनं जेवण सोडलं. उपास धरला असता तर निदान सोडायचा दिवस ठरला असता. तसं काही नव्हतं. पुतण्याचा फोन आला, "काकी, तुम्ही या. आई चहा पिते, ताक पिते, पेज पिते. ताटाला हात लावत नाही." मी गेले. बंगला मोठा, फरशी गुळगुळीत, आणि त्यात ती भिंतीला टेकून बसलेली. गालफडं बसली होती. मी भाकरी आणि मेथीची भाजी समोर ठेवली.

"बाई, जेवा."

"तू जेव."

"मी जेवायला आले न्हाई. तुमाला जेवू घालायला आले."

"मग माघारी जा." तिनं ताट बोटानं मागं सारलं. मग म्हणाली, "धाकटे, म्या घास चावला की त्ये बी चावतं."

"कोण?"

"त्येच. माझ्याच डोक्यात. हिकडनं." तिनं कानाखाली बोट ठेवलं. "म्या थांबले तरी लगीच थांबत न्हाई. जरा येळानं थांबतं."

भर दुपार होती. शेताजवळच्या कंपनीची जेवणाची सुट्टी झाली असावी, इथवर येणारा प्रेसचा दणका बंद होता. मी उगीच कान दिला. काही ऐकू आलं नाही. पण ते ताट बघून घास मलाही नको झाला, हे खरं.

पुतण्यानं राजगुरुनगरला डॉक्टर केले. दातांचा, कानांचा. दोघांनी काही नाही म्हणून सांगितलं. सलाइन लावलं. नंतर तो एका देवऋष्याकडंही जाऊन आला. देवऋषी म्हणाला नवा दगड बसवा. पुतण्यानं चांगला घडवलेला दगड आणून आवारात ठेवला. जावेनं दारातूनच पाहिला आणि विचारलं, "ह्यो कुनाचा?" तो दगड अजून तिथंच आहे, त्याला सायकल टेकवतात.

माझी देवावर श्रद्धा बेताची आहे. वाटी धरायची ती धरली, एवढंच. पण माणूस डोळ्यांदेखत वाळत होतं, आणि तिला पाहिजे होता तो तोच. दुसरा चालणार नव्हता. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाई, त्योच करून दिला तर?"

"त्यो नदीत हाय."

"साचा माझ्याकडं हाय."

तिनं मान वर केली. कोअर शॉपमध्ये राबलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

नात मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहते. ताथवड्याच्या कॉलेजात डिझाइन शिकली. दिवसा एका कंपनीसाठी यंत्रांचे भाग स्कॅन करते, म्हणजे एक हातातला कॅमेरा वस्तूवरून फिरवायचा आणि वस्तू जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये उभी राहते. उरलेल्या वेळात ती जीवाश्मांवरून चित्रं आणि वस्तू करते. तिच्या खोलीच्या भिंतीवर शिंपले, पानांचे ठसे, माशांचे काटे. काही ब्रशनं कागदावर काढलेले, काही मशीनवर छापलेले. मी एकदा विचारलं होतं, ही मेलेल्यांची चित्रं विकत कोण घेतं. "कोणी नाही," म्हणाली आणि रंगवत राहिली.

गोणी उघडल्यावर तिनं आधी हातमोजे घातले. "आजी, शेंदरात शिसं असतं. तू एवढी वर्षं हातानं धरलास?"

"वाटी धरली. लावला मोठीनं."

"तरी हात धू."

शेंदूर तेलकट आणि चकचकीत, त्यामुळं कॅमेऱ्याला आतलं काही पकडता येईना. पडद्यावर नुसती भोकं दिसत होती. पांढरी पावडर मारली पाहिजे, ती म्हणाली, तिच्याकडचा स्प्रे संपलेला. मी शंखजिरं मागवलं, मऊ कापडाच्या पुरचुंडीत बांधलं आणि कवचाच्या आत वरून हलकं टिचकत गेले. फाउंड्रीत पेटीला वाळू चिकटू नये म्हणून असंच मारायचो. निळ्या उजेडाचा पट्टा वळ्यांवरून फिरला. पडद्यावर कवच आलं. नातीनं एक बटण दाबलं, आतलं बाहेर झालं, आणि तिथं दाढ होती. काळ्या पडद्यावर एकटी, फिरत.

"ही ती," नात म्हणाली.

मला वाटलं, ही आत्ता कोणाकडं तरी वळेल.

बूड सिमेंटमध्ये होतं, तिथं शेंदूर कधी लागलाच नव्हता, म्हणून बुडाचा आकार आमच्याकडं नव्हता. नातीनं दुसऱ्या हत्तींच्या दाढा शोधून त्यांच्यावरून बूड भरलं. चांगलं जमलं होतं. दोघी बघत बसलो. मला जावेचं "ह्यो कुनाचा" आठवलं. मी काही बोलायच्या आधी नातीनंच ते पुसलं. "नको. आपल्याला माहीत नाही ते माहीत नाही." बूड सपाट ठेवलं.

एका बाजूला तिचं वेगळंही काम चाललं होतं. कवचाची तुटलेली कड भिंगातून बघून ती मोठ्या कागदावर काढत होती. कडेला थर दिसत होते, कांद्यासारखे, लाल रंगाच्या किती छटा. काही थर जाड, काही केसाएवढे. मधे एक काळपट रेघ होती. "इथं बरेच दिवस लावला नसणार, धूळ बसली," ती म्हणाली. आम्ही दोघी भोसरीत होतो ती वर्षं असतील, किंवा त्याआधी कधीतरी सुतकात राहिला असेल. हे थर ती शेंदूर वापरून रंगवणार नव्हती. गेरू कुटून, डिंकात खलून रंग करत होती. माझ्याकडून कोळशाचा तुकडा घेऊन तिनं वळ्यांवर कागद दाबून घासला, तेव्हा कागदावर काळे ओठ उमटल्यासारखं झालं. तो कागद तिनं उलटा करून ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

छापायचं मशीन म्हणजे एक पेटी. तीत प्लॅस्टिकची तार वितळते आणि थरावर थर बसतो. नात कामाला गेली आणि मी दिवसभर त्या पेटीपाशी बसले. ती म्हणाली होती, मध्ये तार अडकली तर मला फोन कर. दाढ बुडापासून वर येत होती. उगवत होती म्हटलं तरी चालेल. मशीनला घासल्यासारखा आवाज होता, कर्र कर्र, एका लयीत. दुपारी मी पोह्यांचा घास घेतला. चावताना वाटलं, मशीनची लय आणि माझी लय एक झाली. मी चावायची थांबले. मशीन चालूच होतं, पण तो आवाज माझ्या कानाखालून येत होता. मग जरा वेळानं थांबला.

संध्याकाळी नातीला सांगितलं. ती म्हणाली प्रिंटर मध्येच क्षणभर थांबतो, नोझल, म्हणजे तार वितळून बाहेर येते ते टोक, साफ करतो. असेल.

भोसरीत आमच्या जुन्या फाउंड्रीतल्या एका मोल्डरनं, म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्यानं, पत्र्याच्या शेडमध्ये लहान भट्टी टाकली आहे. पितळेचं ओततो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, ओतून मी देतो. पण देवाचा नमुना वाळूतून मी काढणार नाही. ते तुम्ही बघा."

मी काढू शकले असते. पण मी पुतण्याला फोन केला, आईला घेऊन ये म्हणाले.

तिला गाडीतून हाताला धरून उतरवावं लागलं. शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी नमुना, म्हणजे प्लॅस्टिकची दाढ, सपाट बुडावर फळीवर ठेवला, भोवती चौकट ठेवली, शंखजिरं मारलं, वाळू चाळून टाकली, ठोकून बसवली. चौकट उलटी केली. वाळूच्या मधोमध दाढेचं बूड वर आलं. त्यात स्क्रू बसवला. आता त्याला चारी बाजूंनी ठोकून सैल करायचं आणि उचलायचं, एवढंच बाकी होतं. मी लहान हातोडी जावेपुढं धरली.

"मी न्हाई," ती म्हणाली.

"तुमीच."

"त्या हातानं पुन्यांदा?"

"त्याच हातानं. प्लॅस्टिक हाय ते बाई. फुटलं तर पोरगी दुसरं छापंल. वाळू ढासळली तर मी पुन्यांदा भरीन. मला घरी काय काम हाय?"

"तुला कुठं काय हाय," ती म्हणाली. "जलमभर वाटी धरून हुबी ऱ्हायलीस." किती दिवसांनी तिनं मला टोमणा मारला होता.

पुतण्या म्हणाला, "काकी, राहू द्या, तिच्या हाताला ताकद नाही."

"ठोक्याला ताकद लागत न्हाई," जाऊ त्याला म्हणाली आणि उठली.

तिनं स्क्रूला एका बाजूनं ठोकलं. मग समोरून. ठोका जुन्या मापाचाच होता. नमुन्याभोवती केसाएवढी फट दिसायला लागली. तिनं हातोडी मला दिली, दोन बोटांत स्क्रू धरला, श्वास रोखला आणि सरळ वर उचललं. एक कण पडला नाही.

वाळूत पोकळी राहिली. सगळ्या वळ्या, सगळ्या चिरा. मोल्डरही वाकून बघून गेला. जावेनं आत हात घातला नाही, वरून नुसता धरला. "तोंड हाय," ती म्हणाली. "आता भरा."

पितळ ओतलं. आम्ही दूर भिंतीशी बसलो. धातू थंड होताना वाळूतून आवाज येतो, कट कट, बारीक, थांबून थांबून. आम्ही दोघींनी तो आवाज अर्धा जन्म ऐकला आहे. पण तेव्हा तो ऐकताना मी जावेकडं बघितलं आणि ती माझ्याकडं बघत होती.

"त्येच हाय," ती म्हणाली.

"धातू निवतोय."

"व्हय. पन त्येच हाय." ती ऐकत राहिली. आवाज विरळ झाला, मग बंद झाला. तिनं बराच वेळ वाट पाहिली. पुन्हा आला नाही. मग तिनं विचारलं, "डब्यात काय आणलंस?"

भाकरी होती आणि लसणाची चटणी. तिनं भाकरीचा कडक काठ मोडला, तोंडात घातला आणि चावायला लागली. पुतण्या पाठ करून उभा राहिला. मी विचारलं, "बाई, काय ऐकू येतंय?"

तिनं घास संपवला. "माझंच," म्हणाली आणि दुसरा मोडला.

पितळेची दाढ बंगल्याच्या आवारात बसवली, सिमेंट न लावता. पहिल्या अमावास्येला जावेनं शेंदूर लावला आणि मी वाटी धरली, या वेळी हातमोजे घालून, कारण नातीनं तसा दम भरला होता. जावेनं घातले नाहीत. थरांचं चित्र आणि प्लॅस्टिकची दाढ नातीनं ताथवड्याला कॉलेजच्या प्रदर्शनात लावली. कवच काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आतली बाजू वर करून. लोक येऊन आत डोकावायचे. मी एकदाच गेले. आत वाकून बघितलं नाही.

परवा गावाला गेले होते. जाऊ चुलीपुढं बसून हुरडा खात होती. आवाज पार ओसरीवर येत होता. तिनं माझ्या ताटाकडं बघितलं. मी भाकरी दुधात कुस्करून घेतली होती.

"दात पडलं का काय तुझं?"

"न्हाई."

ती चावायची थांबली. नुसती माझ्या जबड्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की तिला कळलं: ते आता माझ्या कानाखाली चावतं.

देव फुटला तेव्हा चौथऱ्यापाशी आम्ही चौघं होतो: थोरली जाऊ, तिचा मुलगा, माझी नात आणि मी. चौघंही धडधाकट आहोत. जाऊ चावून खाते. मी कुस्करून खाते.